नेवासा नावाची बोट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या टेबलाच्या खणात एक जुने पोस्टकार्ड आहे. माझ्या आतेभावाला ते इंग्लंडमध्ये जुन्या वस्तूंच्या एका बाजारात दिसले आणि केवळ त्यावरच्या नावासाठी त्याने ते विकत घेतले. कार्डावर एका मोठ्या आगबोटीचे रंगीत छायाचित्र आहे. बोट पांढरीशुभ्र, मधोमध काळे धुराडे, धुराड्यावर दोन पांढरे पट्टे. खाली रोमन अक्षरांत नाव छापले आहे: नेवासा.

कार्ड हातात पडले तेव्हा मला आधी हसू आले. नेवासा म्हणजे आमच्या जिल्ह्यातला, तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, तालुक्याचा गाव. तिथे पाणी म्हणजे प्रवरामाई आणि मुळा धरणाचा कालवा. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरहून दूर. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते हे नेवासे. पैस खांबाचे, मोहिनीराजाचे नेवासे. त्या गावाचे नाव वीस हजार टनांच्या इंग्रजी बोटीवर कसे गेले, आणि त्या बोटीने पुढे काय केले, याची कथा मी हळूहळू जमा करत गेलो. ती कथा आज सांगायची आहे, कारण ती बोट साधी प्रवासी बोट नव्हती. ती शाळा होती. पाण्यावर चालणारी, देश दाखवणारी आणि देश दाखवण्याआधी त्याविषयी व्याख्यान ऐकवणारी शाळा.

आधी नावाचे पाहू. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन नावाची एक कंपनी होती. बोलताना लोक तिला नुसते बी. आय. म्हणत. १८५६ साली विल्यम मॅकिनन या स्कॉटिश व्यापाऱ्याने कलकत्ता आणि ब्रह्मदेश यांच्यामध्ये टपाल नेणारी एक कंपनी काढली, तिचेच हे १८६२ नंतरचे नाव. पुढे हिंदी महासागराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिच्या बोटी धावू लागल्या. या कंपनीची एक रीत होती. बोटीचे नाव शक्यतो 'आ'कारान्त ठेवायचे, आणि तेही बहुधा हिंदुस्थानच्या किंवा आसपासच्या नकाशावरून उचलायचे. द्वारका, राजुला, कारंजा ही तिच्याच बोटींची नावे. मुंबईहून आफ्रिकेला गेलेल्या कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना 'कारंजा' बोट अजून आठवते. 'द्वारका' तर १९८२ पर्यंत मुंबई आणि इराणच्या आखातामध्ये ये-जा करत होती. म्हणजे नेवाशाला हा मान मिळाला तो ज्ञानेश्वरांमुळे नव्हे. नावाच्या शेवटी 'आ' होता म्हणून. आपल्याला हे ऐकून थोडे वाईट वाटते, पण खरे आहे ते खरे.

पोस्टकार्डावरची ही पहिली 'नेवासा' नव्हे. तिच्या आधीची एक 'नेवासा' १९१३ साली बांधली गेली. सुमारे नऊ हजार टनांची ती बोट पहिल्या महायुद्धात इस्पितळ-बोट म्हणून फिरली, आणि नंतर फौजेची ने-आण करत राहिली. इंग्लंडहून हिंदुस्थानात गोरी पलटण आणायची, मुदत संपलेली पलटण परत न्यायची, हे तिचे काम. आणि या लष्करी कामातच शाळेची बीजे आहेत, ती अशी.

फौजेची वाहतूक हा हिवाळ्यातला धंदा होता. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून शेकडो माणसे बोटीच्या पोटात कोंबून नेणे म्हणजे त्यांना भट्टीत घालणे. त्यामुळे उन्हाळ्याचे काही महिने या बोटी नुसत्या उभ्या असत. खलाशांचा पगार चालू, कमाई बंद. तेव्हा १९३२ साली स्कॉटलंडमधल्या काही शिक्षकांच्या पुढाकाराने बी. आय.च्या 'न्यूरेलिया' या फौजी बोटीवर शाळकरी मुलांची सफर निघाली. जिथे शिपाई झोपत तिथे मुले झोपली. प्रयोग जमला. जुनी 'नेवासा'ही पुढे या कामाला लागली. दर उन्हाळ्यात अशा सफरी निघत राहिल्या आणि १९३९ च्या युद्धाने त्या बंद पडल्या. जुनी 'नेवासा' युद्धातून वाचली, पण १९४८ साली भंगारात गेली.

ज्ञान आणि प्रवास एकाच बोटीत बसवायची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १८९० च्या दशकात हेन्री लन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने भूमध्य समुद्रातल्या सफरी सुरू केल्या. हे लन तरुणपणी हिंदुस्थानात मिशनरी म्हणून येऊन गेलेले. त्यांच्या 'आर्गोनॉट' बोटीवर विद्वान मंडळी ग्रीस आणि रोमवर व्याख्याने देत आणि प्रवासी दुसऱ्या दिवशी त्याच जागा पाहायला उतरत. पण ते सगळे खिसा भरलेल्या प्रौढांसाठी. शिपायांच्या बंकवर मुलांना झोपवून त्यांना जग दाखवणे ही बी. आय.ची खासियत.

आता येते ती पोस्टकार्डावरची 'नेवासा'. ग्लासगोच्या बार्कले कर्ल या कारखान्याने ती बांधली. नोव्हेंबर १९५५ मध्ये ती क्लाइड नदीच्या पाण्यात उतरली आणि १९५६ च्या उन्हाळ्यात कामाला लागली. २०,५२७ टनांची ही बोट बी. आय.च्या ताफ्यातली सर्वात मोठी. तीही फौजेसाठीच बांधलेली. पण मुहूर्त चुकला म्हणतात तसे झाले. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, साम्राज्य आटत चालले होते, इंग्लंडने सक्तीची लष्करभरती बंद केली, आणि जे शिपाई उरले ते विमानाने जाऊ लागले. सहा वर्षांत, १९६२ साली, कोरी करकरीत बोट बेकार झाली. इंग्लंडच्या नैऋत्येला फाल नदीच्या मुखाशी तिला नांगरून ठेवले.

तिला वाचवले ते शाळेने. युद्धानंतर बी. आय.ने १९६१ मध्ये 'ड्युनेरा' ही बोट घेऊन शालेय सफरी पुन्हा सुरू केल्या होत्या, आणि आता त्या फक्त उन्हाळ्यापुरत्या राहिल्या नव्हत्या. मागणी वाढत होती. मग 'नेवासा' फालमथच्या गोदीत नेऊन तिची शाळा करण्यात आली. शिपायांच्या बराकी होत्या तिथे मुलामुलींची वेगवेगळी शयनगृहे झाली. वर्ग झाले, मोठे सभागृह झाले, वाचनालय झाले. ऑक्टोबर १९६५ मध्ये साउदॅम्प्टनहून तिची पहिली शैक्षणिक सफर निघाली. तिच्यावर साधारण तीनशे केबिन-प्रवासी आणि त्यांच्या दुपटीहून जास्त शाळकरी मुले मावत. हे केबिन-प्रवासी म्हणजे पूर्ण भाडे भरणारी मोठी माणसे. बोटीचा खर्च भागायला त्यांचा हातभार लागे, आणि व्याख्यानांचा लाभ त्यांनाही मिळे.

बोटीवरचा दिवस कसा असे? सकाळी एकावर एक बांधलेल्या बंकवरून उठायचे, अंथरुणाच्या घड्या घालायच्या, शयनगृहाची तपासणी द्यायची. फौजेची सवय बोटीच्या लाकडात मुरलेली होती म्हणा ना. मग नाश्ता, वर्ग, डेकवरचे खेळ. बोटीवर शिक्षणाचे काम पाहणारा एक संचालक असे आणि त्याच्या हाताखाली शिक्षक असत. शिवाय प्रत्येक शाळेबरोबर तिचे गुरुजी आणि बाई आलेल्या असतच. कुठल्याही बंदराला लागण्याआधी सगळ्यांना सभागृहात बसवून त्या बंदराविषयी व्याख्यान होई. उद्या लिस्बन असेल तर आज वास्को द गामा. उद्या पिरेअस बंदर असेल तर आज अथेन्स. नॉर्वेच्या फिओर्डमध्ये शिरायचे असेल तर आधी हिमनदी डोंगर कशी कोरते ते फळ्यावर काढून दाखवायचे. बोटीचीही शाळाच होती. दिशा कशी ठरवतात, नकाशा कसा वाचतात, रात्री कोणता तारा कुठे असतो, टर्बाइन कशी फिरते, हे शिकायला वेगळे पुस्तक लागत नसे. कप्तानाचा माचवा वर आणि इंजिनखोली खाली होतीच. बंदर मागे पडले की पाहिलेले वहीत लिहून काढायचे.

ही 'आधी ऐका, मग पाहा, मग लिहा' अशी तीन पावलांची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. पंधरवड्याची सफर असे. भूमध्य समुद्र, बाल्टिक, नॉर्वेचा किनारा असे फेरे. लेनिनग्राडसारखे, एरवी पाश्चात्त्य माणसाला सहज न दिसणारे शहरही काही मुलांनी या सफरींमध्ये पाहिले. यातली बरीच मुले सुखवस्तू घरांतली नव्हती. साध्या सरकारी शाळांतली होती. घरातून देशाबाहेर पाऊल टाकणारे पहिलेच माणूस म्हणजे ते पोर, असेही पुष्कळदा असे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. बी. आय.च्या बोटींवर खलाशी आणि वाढपी म्हणून भारतीय आणि गोवेकर माणसे मोठ्या संख्येने असत. इंग्रज मुलांच्या ताटात वाढणारा माणूस कोकणी बोलणारा असे. जेवणघरातल्या त्या गर्दीत बोटीचे नाव हे एका गावाचे नाव आहे, ही गोष्ट कानाला ओळखीची वाटावी अशी माणसे तेवढीच.

आता बोट तिथेच सोडून थोडे गावात येऊ. कारण गंमत पाहा, ज्या वर्षांत ग्लासगोला 'नेवासा' बोट बांधली जात होती, नेमक्या त्याच वर्षांत नेवासा गावात जमीन खणली जात होती. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर उत्खनन केले. प्रमुख होते डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया, बरोबर शां. भा. देव, झैनुद्दीन अन्सारी आणि इतर. आपल्याकडे अशा टेकाडाला पांढरी म्हणतात. माणूस पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिला, की मातीची घरे पडून, चुलीची राख साठून, तिथली माती पांढुरकी होते. शेतकऱ्याला हे पुरातत्त्वज्ञांच्या आधीपासून माहीत होते. ती माती गाडीने शेतात नेऊन टाकायची त्याची जुनी पद्धत आहे. किती इतिहास असा ज्वारीच्या वावरात मिसळून गेला असेल!

उत्खननाचा अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'नेवासे येथे इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' असा आहे. नाव उलटे वाटते ना? पण खणणारा माणूस उलटाच जातो. वरच्या थरात मुसलमानी आणि मराठा काळ, त्याखाली सातवाहन आणि रोमन व्यापाराचा काळ, त्याखाली साधारण तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती, आणि नदीकाठच्या गाळात आणि खडीमध्ये त्याहून कितीतरी जुनी दगडी हत्यारे. मध्ययुगीन थर आणि सातवाहन थर यांच्यामध्ये या टेकाडावर एक मोठा खंड आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून हजारभर वर्षे इथे वस्ती दिसत नाही. म्हणजे तेराव्या शतकातले, ज्ञानेश्वरांच्या काळातले नेवासे हे या टेकाडावरचे नव्हे. ते शेजारीच, दुसऱ्या जागी नांदत होते. नदी तीच, नाव तेच, पण वस्ती आपली जागा बदलते. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी, या भागातच वाढलेला माणूस, चकित झालो होतो.

त्या शेतकऱ्यांच्या थरातले एक दृश्य कधीच विसरण्यासारखे नाही. लहान मूल गेले की ही माणसे त्याला घराच्या जमिनीखालीच ठेवत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरायची आणि त्यात ते मूल. नेवाशात अशी दफने पुष्कळ मिळाली. त्यातल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबे गंजते तेव्हा त्याच्या क्षारांमुळे शेजारचा धागा कुजायचा वाचतो. त्या मण्यांत धाग्याचे अवशेष राहिले होते, आणि ते तपासल्यावर कापूस आणि रेशीम असल्याची नोंद झाली. भारतात सापडलेल्या अतिशय जुन्या धाग्यांपैकी तो एक. एका आईने ओवलेली माळ, आणि तीन हजार वर्षांनी ती भिंगाखाली.

आता बोट आणि गाव यांना जोडणारा एक माणूस येतो. सर मॉर्टिमर व्हीलर. आपल्याकडे ते १९४४ ते १९४८ या काळात पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते म्हणून माहीत आहेत. पण त्याच्या आधी, १९३० च्या दशकात, इंग्लंडमध्ये मेडन कॅसल या प्राचीन गढीवर त्यांचे मोठे उत्खनन चालू होते, आणि लंडनमध्ये शिकणारे तरुण सांकळिया तिथे हाताने काम करायला गेले होते. थर कसा ओळखायचा, चराची भिंत कशी ताशीव ठेवायची, हे त्यांनी तिथे पाहिले. आणखीही एक गोष्ट तिथे पाहण्यासारखी होती. व्हीलर लोकांना खड्ड्यापासून दूर हाकलत नसत. उलट बोलावत. उत्खनन पाहायला येणाऱ्यांना हिंडवून माहिती सांगायला माणसे नेमलेली असत. लोकांच्या पैशाने खणतो, तर लोकांना कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

तेच व्हीलर उतारवयात बोटीवर चढले. १९५४ साली स्वान नावाच्या प्रवासी कंपनीने ग्रीसच्या सफरी सुरू केल्या, आणि लवकरच त्या सफरींवरच्या व्याख्यात्यांचे प्रमुख म्हणून व्हीलरांचे नाव झाले. भरदार मिशांचे, खणखणीत आवाजाचे हे गृहस्थ भग्न देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहून बोलत आणि प्रवासी उन्हात उभे राहून ऐकत. एका गुरूने समुद्रावर व्याख्यानांचा फड मांडला होता त्याच वर्षांत त्याचा शिष्य प्रवरेकाठी पांढरी खणत होता. सांकळियांनीही लोकांना विसरून काम केले नाही. म. श्री. माटे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' हे मराठी पुस्तक १९७६ सालचे. आमच्यासारख्या शिक्षकांना पांढरीकडे पाहायला त्या पुस्तकाने शिकवले.

नेवाशाच्या सातवाहन थरात आणखी एक वस्तू मिळाली, तिच्यासाठी मी इतका वेळ तुम्हाला थांबवले. ती म्हणजे दोन मुठींच्या, निमुळत्या बुडाच्या परदेशी रांजणांची खापरे. इंग्रजीत त्यांना अँफोरा म्हणतात. भूमध्य समुद्राच्या काठी दारू आणि तेल अशा रांजणांत भरून बोटीत रचत. व्हीलरांनी १९४५ मध्ये पुद्दुचेरीजवळ अरिकामेडूला अशीच खापरे काढली होती. तेर, जुन्नर, कोल्हापूर या गावांशीही त्यांचे नाते आहे. पुढच्या संशोधकांनी भारतात ठिकठिकाणी मिळालेली ही खापरे पुन्हा तपासली, तेव्हा रोमन म्हणून गणलेली काही खापरे इराणी आखाताकडच्या रांजणांची निघाली. शास्त्र असेच चालते, कालचे लेबल आज बदलते. पण दोन्ही प्रकारच्या रांजणांचा अर्थ एकच. समुद्र ओलांडून आलेला माल कोकणातल्या बंदरात उतरला, बैलांच्या पाठीवर घाट चढला आणि प्रवरेकाठच्या या गावात पोचला. समुद्र नसलेल्या गावाचा समुद्राशी संबंध बी. आय. कंपनीच्या अठराशे वर्षे आधीचा आहे.

आणि १९६५ नंतर 'नेवासा' बोट त्याच भूमध्य समुद्रात शेकडो मुले घेऊन फिरत होती! पिरेअसच्या आदल्या संध्याकाळी बोटीच्या सभागृहात, मुलांनो, तुमच्या बोटीचे ज्या गावावरून नाव आहे तिथे इथली दारू जात होती, असे सांगणारे एक व्याख्यान किती शोभले असते.

बोट सफरीवर असताना गावातले खोदकामही थांबले नव्हते. १९६६ ते १९६९ या काळात गुद्रुन कोर्विनस या जर्मन विदुषी नेवाशाजवळ चिर्की येथे काम करत होत्या. त्या मुळात भूगर्भाच्या अभ्यासक. प्रवरेच्या खडीच्या थरांमध्ये त्यांना आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी आणि इतर दगडी हत्यारे मोठ्या संख्येने मिळाली. पुढे त्या इथिओपियात हडार येथे, मानवाच्या पूर्वजांचे अवशेष शोधणाऱ्या पथकात गेल्या. जगाच्या त्या टोकाला जाणाऱ्या माणसाची एक पायरी आमच्या चिर्कीला होती, हे आमच्या किती शाळांत सांगितले जाते?

बोटीचे आयुष्य मात्र थोडे. फौजेसाठी बांधलेली तिची वाफेची टर्बाइन तेल फार पीत असे. १९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या आणि हिशेब बसेना. तोवर बी. आय. ही कंपनीही पी. अँड ओ. या मोठ्या कंपनीत विरघळून गेली होती. १९७५ मध्ये, अवघ्या एकोणीस वर्षांच्या वयात, 'नेवासा' तैवानच्या काओशुंग बंदरात तोडायला गेली. तिची जोडीदार 'युगांडा' ही बोट शालेय सफरी करत राहिली. एप्रिल १९८२ मध्ये फॉकलंडचे युद्ध पेटले तेव्हा तिच्यावर मुले होती. सफर अर्धी टाकून त्यांना इटलीत नेपल्सला उतरवले, आणि बोट इस्पितळ होऊन दक्षिणेकडे गेली. जुन्या 'नेवासा'ने पहिल्या महायुद्धात जे केले तेच. नंतर तीही तैवानलाच संपली.

आता माझ्याकडचे थोडेसे, आणि मग थांबतो. मी शाळेत इतिहास शिकवत असे. आमची शैक्षणिक सहल एसटीने निघे. मार्ग ठरलेला: शिंगणापूर, देवगड, नेवासा, पैठण, मग दौलताबाद आणि वेरूळ. सहलीच्या नावात 'शैक्षणिक' हा शब्द असे कारण त्याशिवाय परवानगी मिळत नसे. नेवाशाला गाडी वीस मिनिटे थांबे. मुले पैस खांबाला हात लावत, प्रसाद घेत, पेरू घेत आणि गाडीत बसत. पांढरीकडे कोणी जात नसे. मीही नेत नसे, हे कबूल करतो. वेळ नाही हे कारण मी स्वतःलाच इतकी वर्षे दिले होते.

पोस्टकार्ड आले तेव्हा माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षे उरली होती. त्या वर्षीच्या सहलीत मी बोटीवरच्या मास्तरांची नक्कल करायची ठरवली. पहिला मुक्काम एका मंगल कार्यालयात होता. जेवणे झाल्यावर मुलांना सतरंजीवर बसवले, फळा नव्हता म्हणून एक पांढरी चादर टांगली आणि कोळशाने तिच्यावर थर काढले. वर मराठे, खाली सातवाहन, खाली शेतकरी, सगळ्यात खाली हातकुऱ्हाड. मग बोटीची गोष्ट सांगितली आणि पोस्टकार्ड हातोहात फिरवले. चादरीचे पैसे नंतर मला भरावे लागले, ते असो. आमच्या गाडीचे चालक दाराशी तंबाखू मळत बसून ऐकत होते, अर्धे ऐकत आणि अर्धे पेंगत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पांढरीवर गेलो. मुले आदल्या रात्रीपेक्षा शांत होती. एका मुलीने पावसाने उघडे पडलेल्या मातीत तांबूस खापर पाहिले आणि हात न लावता मला हाक मारली. कारण आधीच सांगितले होते की वस्तू जागची हलवायची नाही. त्यावर काळ्या रंगाच्या रेघा होत्या. चाळीस मुले गुडघ्यांवर बसून एका खापराकडे पाहत होती. हे मडके कुणी घडवले असेल, ते फुटले कसे, त्यात काय शिजत असेल, असे प्रश्न सुरू झाले. एकाने विचारले, सर, ती लहान मुले घराखाली का पुरायची? मला जेवढे माहीत होते तेवढे सांगितले. बाकीचे तसेच राहिले.

इतक्यात चालक टेकाड चढून वर आले. पैठणला उशीर होतो आहे म्हणून बोलवायला आले असतील असे वाटून मी घड्याळ पाहिले. ते मुलांच्या कडेला उभे राहिले, वाकून खापर पाहिले, मग खाली प्रवरेच्या पात्राकडे बराच वेळ पाहत राहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "मग ती बोट बुडाली कुठं?"

"बुडाली नाही," मी म्हणालो, "लांब तैवानला नेऊन मोडली."

"मोडली व्हय," असे म्हणून त्यांनी मान हलवली, आणि तेही खाली बसले.